कोंबडीचा रंग कसा वाचायचा: पहिल्यांदाच गावरान पाळणाऱ्यांसाठी

मी पहिली बारा पिल्लं आठवडी बाजारातून आणली ती रंग बघून. सगळी काळीभोर होती, विकणाऱ्यानं कडकनाथ म्हणून दिली आणि मी कडकनाथचा भाव मोजला. तीन महिन्यांत त्यातल्या नऊ जणांना लालभडक तुरे फुटले, दोघींच्या मानेवर तांबूस झाक आली. काळी पिसं होती, पण कडकनाथ त्यात एकही नव्हता. त्या नुकसानीनंतर मी आजूबाजूच्या जुन्या पाळणाऱ्यांना विचारत गेलो, पिल्लांच्या नोंदी ठेवत गेलो आणि हळूहळू लक्षात आलं की पिसांच्या रंगावरून जात सांगता येत नाही, आई-बाप मात्र बऱ्याच अंशी सांगता येतात. आई-बाप आपणच निवडले, तर अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच पिल्लू नर आहे की मादी हेही रंगावरून कळतं. परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्याला याचा फार उपयोग होतो, म्हणून तो भाग मी खाली सविस्तर लिहिला आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक जाड वही आणि मऊ शिसपेन्सिल (अंड्यावर खूण करायला, शाईचं पेन किंवा मार्कर नको)
- पायात घालायची रंगीत प्लॅस्टिकची कडी, लहान आणि मोठी अशा दोन्ही मापांची
- अंडी पारखायला बॅटरी
- एक वेगळा खुराडा, नवीन पक्षी किंवा निवडलेली जोडी ठेवायला
- मोबाइलमध्ये पक्ष्यांचे फोटो, दिवसाउजेडी सावलीत काढलेले
- विकत घेतलेल्या पक्ष्यांची पावती, लसीकरणाची नोंद (मरेक्स, मानमोडी, गंबोरो, देवी या कोंबड्यांच्या रोगांपैकी कशाची लस दिली आणि कोणत्या तारखेला) आणि जमल्यास आई-बापाचे फोटो

शेवटचा कागद मिळवायला सगळ्यात अवघड, पण सगळ्यात जास्त कामाचा तोच.

१. लांबून बघू नका, पीस हातात घ्या

कोंबडीच्या पिसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात. एक काळं-तपकिरी, दुसरं तांबडं-पिवळं. पांढरा म्हणजे तिथे रंग पोचलाच नाही. काळ्या कोंबड्याच्या शेपटीवर उन्हात दिसणारी हिरवी चमक हा वेगळा रंग नाही, पिसाच्या रचनेमुळे उजेड तसा परततो. या दोन द्रव्यांची कुठे भर, कुठे कपात आणि कुठे पट्टे, एवढ्यावरच सगळे नमुने बनतात.

पक्षी हातात धरून मान, पाठ, छाती आणि शेपूट अशा चार जागा बघा. मग पंख उघडून आतली मोठी पिसं बघा. बाहेरून तांबड्या दिसणाऱ्या कोंबडीच्या पंखात आत बऱ्याचदा काळा रंग असतो, तो मिटलेल्या पंखात झाकला जातो.

नवख्या माणसाची इथे एक हमखास चूक होते. रानकोंबड्यासारख्या मूळ रंगात नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतच नाहीत. कोंबड्याची मान सोनेरी-तांबडी, छाती काळी आणि शेपूट काळी-हिरवी. त्याच रंगाची कोंबडी मात्र मातकट तपकिरी, पाठीवर बारीक रेघा आणि छाती फिकट तांबूस. त्यामुळे 'कोंबडा असा आहे, मग अशीच दिसणारी कोंबडी शोधू' असं म्हणून जोडी लावाल, तर दोन वेगळे रंग एकत्र कराल.

२. 'काबरी' म्हणजे तीनपैकी कोणती?

आपल्याकडे ठिपके, पट्टे, शिंतोडे असं काहीही असलं की कोंबडी काबरी. बोलायला हा शब्द पुरतो, पण जोडी लावताना त्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

पहिली पट्टेरी. एकेका पिसावर आडवे काळे-पांढरे पट्टे, देठापासून टोकापर्यंत एकाआड एक. प्लायमाउथ रॉक या अमेरिकी जातीचा पट्टेरी प्रकार याच रंगामुळे ओळखला जातो आणि गावरान कळपांतही अशा कोंबड्या सर्रास दिसतात. हा गुण पुढच्या पायऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरी ठिपक्याची. पीस सगळं काळं किंवा तांबडं, फक्त टोकाला पांढरा ठिपका. हा गुण दबून राहणारा आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. पिल्लाच्या पहिल्या पिसांवरून तो नीट कळत नाही, आणि दरवर्षी पिसं झडून नवी आली की ठिपके मोठे होत जातात.

तिसरी शिंतोड्याची. मळकट पांढऱ्या अंगावर राखी-काळे डाग, कुठेही, कसेही. तिचा संबंध राखी रंगाशी आहे, तो सहाव्या पायरीत येईल.

ओळखायची खात्रीची रीत एकच. पाठीवरचं एक पीस हलकेच उपटा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. आडवे पट्टे, टोकाचा ठिपका की शिंतोडे, ते लगेच दिसतं.

३. वय बघितल्याशिवाय रंगावर बोलू नका

पिल्लाची लव, मग पहिली पिसं, मग मोठेपणीची पिसं. प्रत्येक वेळी रंग बदलू शकतो. मूळ रानरंगाची पिल्लं पाठीवर खारीसारखे पट्टे घेऊन येतात आणि मोठेपणी त्या पट्ट्यांची खूणही राहत नाही. पक्का रंग साधारण पाच-सहा महिन्यांनी ठरतो. नर-मादी मात्र त्याआधी, दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास कळू लागतात. शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसं बघा: नराची लांब आणि टोकदार, तलंगेची (तरुण कोंबडीची) रुंद आणि गोल.

४. पिल्लं विकत घेताना

नवख्या माणसाचे पैसे सगळ्यात जास्त इथे जातात, म्हणून सावकाश वाचा.

*कडकनाथ.* ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, धार भागातली जात, तिकडे तिला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणी वाढली. मानांकन मांसाला मिळालं हे लक्षात ठेवा, कारण या जातीची खूण पिसांत नाही, कातडीत आहे. कडकनाथमध्ये पूर्ण काळा, पांढरट रेघांचा आणि सोनेरी झाक असलेला असे तीन प्रकार आहेत. म्हणजे काळी पिसं असून कडकनाथ नसलेली कोंबडी असते, तशी मानेवर सोनेरी पिसं असलेली अस्सल कडकनाथही असते. बघायचं ते हे: तुरा आणि चेहरा जांभळट-काळा, चोच उघडली की जीभ आणि टाळू काळसर, पंखाखालची कातडी काळी, पाय आणि नखं काळी. अंडं मात्र फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचं असतं. काळं अंडं म्हणून कोणी काही दाखवलं, तर तिथून निघा.

यातही एक पेच आहे. काळी कातडी हा वरचढ गुण (आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसणारा) असला, तरी तिला फिकट करणारा दुसरा एक गुण आहे आणि तो नर-मादीत सारखा वाटला जात नाही. कडकनाथ कोंबडा पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या साध्या कोंबडीला लावला, तर मुली बहुधा काळ्या कातडीच्या निघतात आणि मुलगे फिकट. उलट, कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा फिकट पायांचा असेल, तर बहुतेक सगळीच पिल्लं फिकट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी काळ्या कातडीच्या सिल्की जातीवर हे पडताळून पाहिलं होतं. तुमच्यामाझ्यासाठी त्याचा अर्थ असा, की एखादी तलंग आतून-बाहेरून काळी असली तरी ती संकरित असू शकते. म्हणून एक-दोन पक्षी बघून समाधान मानू नका. त्याच खेपेचे नर बघायला मागा, आणि आई-बाप दोन्ही बघा.

*जत्रेतली गुलाबी-हिरवी पिल्लं.* हा रंग लावलेला असतो. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लांचा उपयोग नसतो, ती फिकट पिवळी पिल्लं रंगात बुडवून स्वस्तात विकली जातात. लव गेली की काही आठवड्यांत पांढरी पिसं येतात. पिल्लाच्या जिवाचे त्यात हाल होतात, म्हणून मुलांनी हट्ट धरला तरी घेऊ नका. घेणारे थांबले तरच हे बंद होईल.

*वनराज, गिरिराज.* परसात पाळायला दोन्ही चांगले. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा, गिरिराज बंगळूरच्या विद्यापीठाचा. पण हे मुद्दाम केलेले संकर आहेत आणि रंगानं मिश्र असतात. त्यांच्या अंड्यांतून घरी पिल्लं काढली तर रंगही फुटतो, वाढ आणि अंडीही आई-बापासारखी राहत नाहीत. रंगाचं काम यांच्यापासून सुरू करू नका.

*असील.* याचे रंग नावांनी ओळखतात: सोनेरी-तांबडा पीला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नूरी, काळा कागर, काळा-पांढरा चित्ता. ही रंगांची नावं आहेत, वेगळ्या जाती नाहीत. याकूबचा भाव पीलापेक्षा जास्त सांगितला, तर बांधा, मान आणि पाय बघून ठरवा. झुंजीसाठी मागायला माणसं येतात, त्यांना पक्षी देऊ नका. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

*बुसरा.* नंदुरबार, धुळे आणि शेजारच्या गुजरातेतली ही नोंदणीकृत देशी जात. रंग बहुतेक पांढरा, मान-पाठ-शेपटीवर काळी पिसं, खांद्यावर आणि पंखावर तांबूस. त्या भागातल्या लोकांनी ती नक्की जपावी.

कुठूनही पक्षी आणला तरी तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवा. रंगाच्या नादात मानमोडी घरात आली, तर सगळा कळप जातो.

५. आईचे पट्टे फक्त मुलग्यांना: पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखणं

माणसात मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे लिंग ठरवणारी दोन सारखी गुणसूत्रं असतात. कोंबडीकडे तसलं एकच, आणि जोडीला एक वेगळं. आई आपलं ते एकुलतं एक गुणसूत्र मुलग्याला देते, मुलीला वेगळं देते. आणि पिसांवरचे पट्टे त्या एकुलत्या गुणसूत्रावरच असतात. म्हणून पट्टेरी आईचे पट्टे सगळ्या मुलग्यांकडे जातात आणि एकाही मुलीकडे जात नाहीत.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दाण्याची टंचाई होती, तेव्हा याच पनेटनी रंगावरून नर पिल्लं आधीच वेगळी काढायची वाट दाखवली. आपल्याला तीच वाट परसात वापरायची आहे, आणि त्यासाठी महागडी जात लागत नाही.

कोंबडी काळ्या अंगाची आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची हवी. गावरान चालते. पट्टे लपवून बाळगणारी कोंबडी नसते: तिच्यात गुण असेल तर तो दिसतो, अपवाद फक्त पूर्ण पांढऱ्या कोंबडीचा. तपकिरी अंगावर पट्टे असलेली कोंबडी इथे टाळा, कारण तिची पिल्लं फिकट निघतात आणि खूण नीट दिसत नाही.

कोंबडा तांबडा किंवा काळा, एकही पट्टा नसलेला. ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आपण आरआयआर म्हणतो तो, सगळ्यात सोपा. पांढरा कोंबडा नको. त्याच्यात रंग दाबून टाकणारा गुण असला, तर पिल्लं पांढरी निघतील आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

आता क्रम.

निवडलेल्या कोंबड्या वेगळ्या खुराड्यात घ्या. आधीचा कोंबडा दूर केल्यावर लगेच अंडी बसवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. मी पहिल्या वेळी चौथ्याच दिवसापासूनची अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवली आणि निम्म्या पिल्लांच्या खुणा जुळेनात. बाप कोण हेच कळेना. तीन आठवडे सरळ थांबा, ती अंडी खा. मी आता चार आठवडे थांबतो.

नंतरची अंडी गोळा करताना बोथट टोकावर शिसपेन्सिलीनं तारीख आणि कोंबडीची खूण लिहा. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो बसवू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात.

पिल्लं पूर्ण वाळू द्या, पण पहिला दिवस उलटू देऊ नका. ओली लव चिकटलेली असताना काहीच कळत नाही, आणि आठवड्याभरात पिसं फुटली की खूण पुसट होते. उजेडात एकेक पिल्लू हातात घ्या. काळ्या डोक्याच्या मागच्या बाजूला पांढरट ठिपका असेल तर नर. डोकं सबंध काळं असेल तर मादी. चोचीखालचा आणि पोटावरचा फिकट रंग धरू नका, तो दोघांतही असतो. फक्त डोक्यावरचा ठिपका बघा. शंका वाटली तर पाय बघा, पट्ट्यांचा गुण पायाचा काळेपणाही कमी करतो, म्हणून मुलींचे पाय जास्त काळपट असतात.

ठिपकेवाल्यांच्या डाव्या पायात एका रंगाचं कडं, बाकीच्यांच्या उजव्या पायात दुसऱ्या रंगाचं. पिल्लाचा पाय झपाट्यानं जाडावतो, दर आठवड्याला कडं तपासून मोठं घाला. माझ्या एका पिल्लाच्या पायात ते रुतलं होतं, मला ते अजून लागून राहिलं आहे.

मोठेपणी मुलगे पट्टेरी होतात, मुली काळ्या, बऱ्याचदा मानेवर किंवा छातीवर तांबूस झाक घेऊन. पहिली खेप तुमची परीक्षा समजा: दहा-बारा आठवड्यांनी पाठीच्या पिसांवरून पडताळा आणि किती चुकले ते वहीत लिहा.

आणि जोडी उलटी लावू नका. पट्टेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी अशी जोडी केली, तर अस्सल पट्टेरी बापाकडून मुलगे-मुली दोघांनाही पट्टे मिळतात आणि ओळख राहत नाही. पट्टेरी कोंबडा दिसायला देखणा, त्याच्यात पट्ट्यांच्या गुणाचे दोन भाग (एक आईकडून, एक बापाकडून आलेला) असल्यानं तो कोंबडीपेक्षा फिकट आणि उठावदार दिसतो, म्हणून सगळे त्यालाच कळपात ठेवतात. या कामासाठी तो नको.

आणखी एक. बाजारात काळी, मानेवर तांबूस झाक असलेली तलंग दिसली म्हणून ती याच जोडीची असं धरू नका. आरआयआर आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प ही काळी जात यांच्या पिल्लांतही अशाच काळ्या कोंबड्या निघतात.

६. राखी रंगाचा हिशोब

पाटीसारखा निळसर राखी रंग सगळ्यांना आवडतो आणि सगळे दोन राखी पक्ष्यांची जोडी लावतात. मग पिल्लांत काळी आणि शिंतोड्याचीही निघतात आणि फसवलं असं वाटतं. फसवलेलं नसतं. राखी हा काळ्यावर गुणाचा एक भाग पडल्यावर दिसणारा रंग आहे, दोन भाग पडले की मळकट पांढऱ्यावर शिंतोडे. राखी गुणिले राखी केलं की सरासरी चारांत एक काळं, दोन राखी, एक शिंतोड्याचं.

सगळी राखी हवी असतील तर काळा आणि शिंतोड्याचा अशी जोडी लावा. बाजारात शिंतोड्याचा पक्षी कुणी घेत नाही, स्वस्तात मिळतो. राखी पिल्लं काढायची असतील तर तोच सोडू नका. आणि चारांत एक म्हणजे दर चार अंड्यांत मोजून एक नव्हे. आठ-दहा पिल्लांत प्रमाण कसंही निघू शकतं.

७. पांढऱ्यापासून सावध

पांढरी कोंबडी आत काय घेऊन आहे ते दिसत नाही. पांढऱ्या लेगहॉर्न जातीचा पांढरा वरचढ असतो: काळ्या पक्ष्याला लावला तर पिल्लं पांढरी, मधूनच काळे ठिपके. दुसरा पांढरा दबून राहणारा: रंगीत पक्ष्याला लावला की पहिल्या पिढीत नाहीसा होतो आणि नातवंडांत अचानक उगवतो. दोन्ही बाहेरून सारखेच. रंगाचं काम शिकताना पहिल्या वर्षी पांढरा पक्षी जोडीत घेऊच नका.

८. पुढच्या पिढीला काय ठेवायचं, काय नाही

एक रंग आवडला की माणूस त्याच रंगाचे भाऊ-बहीण एकत्र ठेवतो. दोन-तीन पिढ्यांत अंडी पोकळ निघू लागतात, पिल्लं अशक्त होतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, आणि तो दर वर्षी दुसऱ्या गावातल्या पाळणाऱ्याशी बदला. त्याचीही वही असेल तर फार बरं.

पाचव्या पायरीतल्या पट्टेरी मुलग्यांचं आधी ठरवा. नवसाला, राखणीला ठरावीक रंगाचा कोंबडा हवा म्हणून गिऱ्हाईक येतं, आणि चांगला दिसतो म्हणून घरातलेही 'राहू दे याला' म्हणतात. पण त्याच्याकडे पट्ट्याचा गुण एकाच भागाचा असतो. तो कळपात राहिला आणि आपल्या पट्टेरी कोंबड्यांवर गेला, तर सगळ्या मुलग्यांना आणि निम्म्या मुलींना पट्टे येतात. मग बिनठिपक्याचं पिल्लू मादी एवढंच खात्रीनं सांगता येतं, ठिपक्याचं मात्र काहीही असू शकतं. म्हणून चार महिन्यांच्या आत, आरवायला लागायच्या आधी, ते विका किंवा वेगळे करा, आणि काढल्याची तारीख वहीत लिहा, म्हणजे अंडी बसवायचे तीन आठवडे कुठून मोजायचे ते कळेल.